शेडसकट करवत

माझे दाजी बाउदिलिओ कार्कामो, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे, नोल्फाताईचे यजमान, हाताने सुतार आणि स्वभावाने परीक्षक आहेत. बाजारात बटाटासुद्धा ते उजेडाकडे धरून बघतात. असा माणूस जुनी पट्ट्याची करवत, म्हणजे दोन चाकांवर पातं फिरवणारं यंत्र, विकत घ्यायला निघाला तर काय होणार, हे आमच्या चिलीतल्या चिलोए बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या ताईला नव्हतं, कारण तिचा जीव होता त्यांच्यावर.

ताईला स्वयंपाकघरात खिडकी हवी होती. समुद्राकडे तोंड केलेली, वर देवळासारखी कमान असलेली. लग्न ठरलं तेव्हाच दाजींनी कबूल केलं होतं. त्यांनी भिंतीत भोक पाडलं, त्यावर प्लास्टिक ठोकलं आणि मग जाहीर केलं, की कमानीचा गोल तुकडा हातकरवतीने कापणं हा लाकडाचा अपमान आहे, त्याला पट्ट्याची करवतच पाहिजे. नवी परवडत नव्हती. जुनी शोधता शोधता त्यांची मुलगी शाळेत गेली, शिकली, शाळेतून बाहेर पडली, पण प्लास्टिक तिथंच फडफडत राहिलं.

करवत बघायला गेले की दाजी आधी तिच्या मालकाची चिचा, म्हणजे सफरचंदाची घरगुती दारू, पोटभर प्यायचे. मग करवतीची वरची-खालची चाकं हाताने फिरवून कान लावायचे, मोटरचा वास घ्यायचे. शेवटी करवत चालू करून तिच्या टेबलावर शंभर पेसोचं नाणं कडेवर उभं करायचे. नाणं पडलं की टोपी घालून घरी. कास्त्रो शहरात एका करवतीवर नाणं उभं राहिलं, तर यांना तिचा रंग पटला नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण इथं नवरदेवच विघ्न होता.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला आणि ताईने माळ्यावरची पेटी खाली काढली.

"कुठं निघालीस गं?" दाजींनी विचारलं.

"पुंता आरेनासला, बहिणीकडे. तिच्याकडे खिडक्या आहेत."

"अगं, पण परत कधी येणार?"

"काच बसली की कळवा. आणखी एक हिवाळा मी प्लास्टिककडे बघत काढणार नाही."

ताई चेष्टेने बोलत नव्हती. पेटीत लोकरीचे मोजेसुद्धा घातलेले मी पाहिले. दाजींचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना पलीकडच्या किनाऱ्यावर सोफानोर ओयार्सुनच्या शेडमध्ये घेऊन गेलो. म्हातारा सोफानोर म्हणजे दुसरा नमुना. बापाच्या वेळची बिडाची करवत त्याने लेकीसारखी पुसूनबिसून ठेवलेली. दाजींनी चाकं फिरवली, वास घेतला, नाणं उभं केलं. नाणं जागचं हललं नाही. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घेतली," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

"घे की. पण नेणार कशी?" सोफानोर म्हणाला. "बापाने आधी यंत्र बसवलं, मग भोवती शेड बांधली. दारातून मी तिरका होऊन जातो, ही कशी जायची?"

"एक भिंत काढू."

"माझ्या बापाच्या भिंतीला हात लावलास, तर त्याच करवतीला तुझा हात लावीन."

"मग यंत्र सुटं करू," मी म्हणालो. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरकलो.

"सुटी केली की चाकं पुन्हा एका रेषेत येत नाहीत," दाजी म्हणाले.

"मग शेडसकट ने," सोफानोर म्हणाला. "शेडही तुझी."

दुसऱ्या मुलखात याला नकार समजले असते. आमच्याकडे घरं ओढून नेतात, त्यामुळे आम्ही लगेच कुणाकुणाचे बैल मिळतील ते बघायला लागलो.

मिंगा ठरला, आणि ताईने जाणं तेवढ्यापुरतं पुढं ढकललं. मिंगात कुणी पैसे घेत नाही. सगळ्या गावाने ओढायचं आणि यजमानाने पोटभर खाऊ घालायचं. शेडखाली दोन लांब ओंडके सरकवले, दोर बांधले, बैल जुंपले. माझी जोडी पुढे होती. ओहोटीच्या वाळूवरून शेड चालू लागली आणि आत करवतीला मिठी मारून दाजी. बाकी गाव बैलांना हाकत होतं, दाजी गावाला हाकत होते. "हळू चला रे! तिला दणका बसतोय!"

ठरलं होतं शेड घराच्या मागे न्यायची. घरासमोरच्या ओल्या उतारावर आलो आणि आतून दाजी ओरडले, "थांबा! चाक कुरकुरलं!" आम्ही थांबलो. चाक नव्हतंच, दाजींच्या बुडाखालची फळी होती ती. पण तेवढ्या वेळात ओंडके चिखलात रुतले ते रुतलेच. बैलांनी जीव तोडून ओढलं, दोर तुटले, भरती आली. मग सगळे जेवायला बसले, कारण खड्ड्यात भाजलेले शिंपले आणि डुकराचं मांस कुणासाठी थांबत नाही.

शेड उभी होती ती बरोबर स्वयंपाकघराच्या समोर. ताईने प्लास्टिक टरकन फाडून बाहेर बघितलं. समोर समुद्राच्या जागी सोफानोरच्या बापाची भिंत. ती तडक आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. दाजींच्या हातातला बटाटा हातातच राहिला.

ताई बाहेर आली ती खडूचा तुकडा घेऊन. तरातरा शेडमध्ये शिरली आणि समुद्राकडच्या भिंतीवर तिने हाताने मोठी कमान काढली.

"माझी चूल आजपासून इथं," ती दाजींना म्हणाली. "आणि खिडकी इथं. करवत मिळाली ना? मग कापा."

दाजींनी त्या दिवशी नाणं उभं केलं नाही. नुसतं कापत सुटले. खरं सांगतो, आठवडा संपायच्या आत अशी चौकट झाली, की देवळाच्या कमानीने खाली मान घालावी. मग खडूच्या रेघेवरून भिंत कापली. सोफानोर डोळे मिटून उभा होता, पण शेड आता त्याची नव्हती. फळ्या बाहेर पडल्या आणि आत भसकन उजेड आला.

सगळे त्या भोकाकडे बघत राहिले. मग सगळे करवतीकडे बघायला लागले. सोफानोरने हात पसरून आधी करवत मापली, मग भोक मापलं.

"बाउदिलिओ," तो हळूच म्हणाला, "यातून ती सहज गेली असती रे."

दाजींनीही मापून बघितलं. दोघं भोकासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि मान हलवत राहिले.

मागे ताई स्टूल ओढून बसली होती. मांडीवर पेटीतून काढलेला पडदा होता, लग्नाच्या वर्षी शिवलेला.

"झालं असेल तर बाजूला व्हा दोघं," ती म्हणाली. "मला समुद्र दिसत नाहीये."