लिव्हरला डाखलेल्या तीन पट्ट्या

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आमच्या मुलाला आणि इथे बंगालात ओळखीच्या सगळ्या मराठी घरांना आजही वाटतं, माझी बायको बाथरूममध्ये घसरली. ती घसरली नव्हती. मी तिला मारलं होतं.

मी फ्रेंच हॉर्न वाजवायचो. वेटोळ्याचं पितळी वाद्य. डाव्या हाताच्या तीन बोटांनी तीन लिव्हर दाबायचे. संधिवाताने बोटं आखडली, लिव्हरपर्यंत पोचेनात. एस्प्लनेडच्या क्लबात सूर चुकला की घरी येऊन मी ताट भिरकावायचो. एकदा तिचा हात पिरगळला.

एका सकाळी तिने कणकेचा गोळा पुढे केला. "हॉर्न धरल्यासारखी बोटं दाबा."

"हात बघतेस की काय?"

"हात नाही हो. राग कुठल्या बोटात राहतो ते बघते."

मी हसून बोटं रुतवली. दोन दिवसांनी गोळा वाळल्यावर, मला न सांगता, ती हॉर्न घेऊन बेहालातल्या आमच्याच गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेली. त्याने त्या ठशांच्या मापाने लिव्हरवर पितळी पट्ट्या डाखून, म्हणजे वितळलेल्या कथलाने जोडून, दिल्या.

त्या संध्याकाळी मी हॉर्नची पेटी उघडली. चाळीस वर्षं जपलेल्या वाद्यावर डाखाचे काळे डाग.

"कुणाला विचारून?"

"आधी दाबून तर बघा."

"मी लुळा झालो, असंच ना?"

हॉर्न उचलून मी त्याच्या भोंग्याची कड तिच्या डाव्या कानावर हाणली. ती ओट्यावर आपटून खाली पडली. पडल्यावरही मी लाथ घातली. रक्त मानेवरून पदरात उतरत होतं.

"आता तरी दाबून बघा," ती म्हणाली. मी पुन्हा हात उगारला. तिने डोळे मिटले नाहीत, तेव्हा कुठे तो खाली आला.

हॉस्पिटलात तिनेच डॉक्टरला बंगालीत सांगितलं, बाथरूममध्ये पडले. तो डावा कान कायमचा बहिरा झाला.

महिन्याभराने, ती बाजारात गेलेली असताना, मी पट्ट्या दाबल्या. तिन्ही बोटं न ताणता बसली. जरासुद्धा दुखलं नाही.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. एका दुपारी गॅलरीत ती मटार सोलत होती. मी तिच्या डावीकडे बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. माफ कर मला."

ती सोलत राहिली. तिच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती. बसण्याआधी मी ती पाहिली होती.