सिस्टरबाईंच्या वहीतला जावई

माझं नाव सरकारी दप्तरात पहिल्यांदा चढलं ते एका टरबुजामुळे.

लग्नाला दोन महिने झाले होते आणि मी भर मे महिन्यात सासुरवाडीला गेलो होतो. सासूबाई तेव्हा शिरूर कासार तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होत्या आणि केंद्राच्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहायच्या. सगळं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. सासरेसुद्धा म्हणायचे. जेवणानंतर पत्र्याखाली माझा जीव उकडायला लागला, तेव्हा सिस्टरबाईंना नव्या जावयाची दया आली. त्यांनी केंद्रातली एक खोली उघडून दिली. "पाव्हणं, तितं पंखा हाय. पडा घटकाभर."

खोलीत पंखा होता, आणि पेटीसारखा वरून उघडणारा एक फ्रीजही होता. मी उरलेलं अर्धं टरबूज आणि पाण्याच्या दोन बाटल्या त्यात ठेवल्या आणि घोरायला लागलो. फ्रीज लहान मुलांच्या लसींचा होता.

जाग आली तेव्हा सिस्टरबाई समोर उभ्या होत्या. हातात टरबूज.

"हे तुमचं का?"

"हो."

"कावून ठिवलं?"

"गार व्हायला."

त्यांनी टरबूज माझ्या मांडीवर ठेवलं. फ्रीजमधल्या तापमापकाचा काटा बघितला आणि खिळ्याला दोरीनं बांधलेलं रजिस्टर ओढून उभ्याउभ्या लिहिलं. मी वाकून वाचलं. 'झाकण उघडले. वस्तू: टरबूज अर्धे, बाटल्या दोन. ठेवणारा: जावई.' त्यापुढे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. 'काटा हद्दीत, लस ठीक. जबाबदार: मी. खोली उघडी दिली.' खाली सही.

"आई, हे लिहायलाच पाहिजे का? लस तर ठीक आहे."

"लिवलं न्हाई ते झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन हे तर झालंय."

पुढे त्या केंद्रात बदलून आलेला प्रत्येक डॉक्टर मला भेटला की आधी टरबुजाची चौकशी करायचा.

सिस्टरबाई ठेंगण्या, काटक. पदर खोचलेला, कमरेला किल्ल्या. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, त्या फ्रीजचा काटा बघून लिहायच्या. सण असो, सुट्टी असो. आमच्या लग्नात पाहुणे मांडवात येऊन बसले आणि नवरीची आई कुठे दिसेना. शोधाशोध झाली. बाई जरीचं लुगडं नेसून काटा बघायला गेल्या होत्या. निवृत्त होऊन दिंद्रुडला स्वतःच्या घरी राहायला आल्या, तेव्हाही पहिले काही महिने त्याच दोन वेळांना घरातला फ्रीज उघडून आत बघायच्या. आत वांगी असायची.

त्यांचा एक किस्सा सासरे होते तोवर प्रत्येक पाहुण्याला सांगत. ऊसतोडीच्या टोळ्या दोन दिवसांनी गाव सोडणार होत्या. एकदा निघाल्या की पाच-सहा महिने परत नाहीत, त्यामुळे पोरांना लस टोचायची ती आधीच. आया पोरं कडेवर घेऊन अंगणात बसल्या होत्या. एक पुढारी हार घालून घ्यायला आले होते, सोबत फोटोवाला. आणि सिस्टरबाईंनी लसीच्या फ्रीजला कुलूप घातलं. आदल्या दिवशी वीज गेली होती आणि काटा हद्दीबाहेर गेला होता.

"आज सुई न्हाई."

पुढारी म्हणाले, "बाई, दिसायला सगळ्या बाटल्या सारख्याच हायेत. टोचा की. कोण बघतंय?"

"काटा बघतोय."

"बदली करीन तुमची!"

"करा. तितं बी काटा असंलच की."

मग त्या स्वतः जिल्ह्याला गेल्या, नवी लस घेऊन आल्या, आणि टोळ्या निघायच्या सकाळी बर्फाची पेटी घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या. एकेक ट्रॅक्टर थांबवला. भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसलेलं एकेक पोर खाली उतरवून टोचलं. हा किस्सा त्यांच्यासमोर निघाला की त्या एवढंच म्हणायच्या, "न्हाई म्हणून घरी बसायचं नसतं. न्हाई म्हणल्यावरच काम सुरू होतं."

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी विमानं दुरुस्त करतो. आमची कंपनी लहान, विमानंही लहान. कुठलं विमान उडेल आणि कुठलं जागेवर उभं राहील, हे शेवटी एका माणसानं सांगायचं असतं. तो मेंटेनन्स मॅनेजर. कंपनीनं नुसतं नाव सुचवायचं. विमान खात्याचे अधिकारी मुलाखत घेणार आणि त्यांनी पसंत केलं तरच खुर्ची मिळणार. म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला पुन्हा एकदा दाखवायला नेलं, आणि नापसंत झालो.

महिन्यानं पुन्हा या, असं अधिकारी म्हणाले. या वेळी जमलं नाही तर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल, असं मालक म्हणाले. मी रजा टाकली, कंपनीचं चारशे पानी नियमांचं पुस्तक पिशवीत घातलं आणि आठ दिवस पाठांतर करायला दिंद्रुड गाठलं. बायको, वंदना, सोबत होतीच. जयभीम घालून टेकलो न टेकलो तोच सिस्टरबाईंनी विचारलं, "पैल्या बारीला काय झालं?"

"तीन प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. अंदाजानं ठोकून दिली. ते म्हणाले, हे कुठे लिहिलंय दाखवा."

"मग? पुस्तक नव्हतं का?"

"समोर टेबलावरच होतं."

"मग उगाडलं कावून न्हाई?"

खरं तेच सांगितलं. आम्ही शाळेत शिकलो ते असं, की परीक्षेत पुस्तक उघडलं म्हणजे कॉपी, आणि कॉपी म्हटलं की फिरतं पथक. अधिकाऱ्यांसमोर पुस्तकाला हात लावायची माझी छातीच झाली नाही. सिस्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "तुमी एकदा तरी 'माहीत न्हाई' म्हणलात का?"

"मॅनेजर व्हायला गेलो होतो आई! 'माहीत नाही' कसं म्हणू?"

स्वयंपाकघरातून वंदना म्हणाली, "आई, ते त्यांना जन्मात जमणार नाही. कुणी रस्ता विचारला की हे माहीत नसलेलाही सांगतात. मागं लिंबागणेशला निघालेली एक जीप यांनी कुठल्या कुठं पाठवली. ती माणसं अजून गणपती शोधत असतील."

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. सिस्टरबाई आयुष्यात विमानात बसल्या नव्हत्या. त्या ज्वारी निवडत बसायच्या आणि मी पुस्तकातलं एकेक प्रकरण मराठीत सांगायचो. "मला कळलं न्हाई तर तुमाला बी कळलं न्हाई, असं धरायचं," ही अट. मधेच, माझा घास तोंडात असताना, प्रश्न यायचा.

"पाव्हणं! मेकॅनिकनं काम केलंय, पर सही राहिली. माणसं इमानात बसलीत. मालक म्हणतो उडवा. काय करनार?"

"विमान उभं राहील."

"मालक वरडला तर?"

"ओरडू दे."

"असं न्हाई. वरडणाऱ्याला आदी खुर्ची द्यायची. बसलेला माणूस कमी वरडतो. मग सही कुनाची राहिली ते हुडकायला लागायचं."

एकदा विचारलं, "इमानाच्या चाकात हवा किती?" मी पटकन आकडा सांगितला.

"कुटं लिवलंय?"

"डोक्यात आहे."

"डोकं काय रजिस्टर हाय? म्हणा, माहीत न्हाई, बघून सांगतो."

मला म्हणवेना. जिभेवर 'मा' पर्यंत यायचं आणि परत जायचं. तेव्हा त्या ज्वारीचं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "पाव्हणं, इतकी वर्सं सुई टोचली. 'माहीत न्हाई, बघते' म्हणल्यानं एक बी पोर दगावलं न्हाई. 'समदं माहीत हाय' म्हणणाऱ्या मानसाचं मात्र मला लई भ्या वाटायचं." मी मान खाली घालून म्हणालो, "माहीत नाही. बघून सांगतो." नव्या नवरीनं उखाणा घ्यावा तसं.

रोज सकाळ-संध्याकाळ त्या एका वहीत काहीतरी टिपत. मला वाटलं, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या वेळा असतील.

दुसऱ्या मुलाखतीत तिसराच प्रश्न असा आला की उत्तर जिभेवर तयार होतं, आणि ते शुद्ध अंदाजाचं होतं. मी ते गिळलं. "सर, माहीत नाही. पुस्तकात बघून सांगतो." मी पुस्तक उघडलं. चुकीचं प्रकरण निघालं. घाम पुसला, पुन्हा शोधलं, पान सापडलं, बोट ठेवून वाचून दाखवलं. कुणी मला हाकललं नाही. उलट पुढच्या दोन प्रश्नांना अधिकाऱ्यांनी स्वतःच पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

शेवटी त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." मी टरबूज सांगितलं, रजिस्टरातल्या शब्दांसकट. तिघंही अधिकारी हसले. मग वडीलधाऱ्यांनी विचारलं, "फ्रीज तुम्ही उघडला. त्या बाईंनी स्वतःला जबाबदार का धरलं?"

"किल्ली त्यांच्याकडे होती, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

चार दिवसांनी पसंतीचा फोन आला. मी लगेच दिंद्रुडला लावला. "आई, झालं!"

"पत्र आलं का?"

"येईल हो. फोन आलाय."

"फोनवरचं मी लिवत न्हाई. पत्र घिऊन या."

कुठे लिहीत नाहीत, ते मी विचारलं नाही. मला ती थट्टा वाटली. पत्र आलं. ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बॅगेत ठेवलं, येत्या रविवारी जाऊ म्हणून. त्या रविवारी एक विमान उभं राहिलं. पुढच्या रविवारी तपासणी होती. त्याच्या पुढच्या रविवारचं कारण आता मला आठवतही नाही. चौथ्या रविवारच्या आधीच दिंद्रुडहून फोन आला. सकाळचा चहा घेऊन सिस्टरबाई खुर्चीत टेकल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत.

घर बायांनी भरलं होतं. मी दारात दिसताच एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "हेच ते इमानवालं जावई. मॅनेजर झालेत." पत्राशिवाय वहीत लिहायचं नव्हतं, पण गल्लीभर सांगायला बाईंना पत्र लागलं नव्हतं.

सगळं आटोपल्यावर वंदनानं कपाट उघडलं. गोळ्यांच्या डब्याखाली ती वही होती. पट्टीनं आखलेले रकाने: दिनांक, सकाळ, संध्याकाळ, सही. माझे आठ दिवस. 'सकाळ: घाबरलेले. संध्याकाळ: घाबरलेले, जेवले नीट.' 'सकाळ: माहीत नाही म्हणाले, लाजत. संध्याकाळ: न लाजता.' शेवटच्या ओळीला दोन्ही रकान्यांत 'ठीक'. त्याखाली 'निकाल', आणि पुढे कोरी जागा.

मी बॅगेतून पत्र काढून वंदनाला दिलं. तिनं ते पहिल्या ओळीपासून वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला, आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'पास. पत्र पाहिले.' सही केली. मग खाली नवी ओळ आखली, आजची तारीख घातली आणि पेन थांबवलं.

"अहो, आजचं काय लिहू? कसे आहात तुम्ही?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे तोंड केलं. "मग थांबा जरा," ती म्हणाली, "बघून सांगते."