बसून करायचं काम

गुलाबांच्या त्या पॅकिंग शेडमध्ये कुणाची पाळी चुकली, की पहिली बातमी नवऱ्याला नाही, आत्याला कळायची. डॉक्टरचा नंबर त्यानंतर, आणि सासूचा तर फारच मागे. आत्या म्हणजे शेडची मुकादम. आवाज असा, की तिने नुसतं "अगं" म्हटलं तरी पाच जणींच्या हातातली फुलं खाली पडत. बायका तिला टरकून असायच्या. पण असली बातमी असली, की त्यांच्यातलीच एखादी हळूच येऊन तिच्या कानाला लागायची, कारण बातमी कळताच आत्या तिला खुर्ची द्यायची.

ही खुर्ची काय चीज होती ते कळायला तिथे दिवसभर उभं राहायला हवं. काचघरातून तोडलेली फुलं क्रेटमधून शेडमध्ये यायची. बायका लांब टेबलांशी उभ्या राहून देठांची पानं ओरबाडायच्या, लांबी बघून फुलं वेगळी करायच्या, जुड्या बांधायच्या. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांचे दगड होत. बसून करायचं काम फक्त एकच होतं, कोपऱ्यातल्या टबापाशी. बांधलेली जुडी उलटी धरायची, फुलांची डोकी औषधाच्या पाण्यात बुडवायची, झटकायची आणि जाळीवर निथळत ठेवायची. प्रवासात पाकळ्यांना बुरशी धरू नये म्हणून ही आंघोळ. हातमोजे शेजारच्या खिळ्याला लटकत असायचे, आणि लटकतच असायचे. मोजे घातले की बोटांना पाकळी कळत नाही, आणि दुमडलेल्या पाकळीचं फूल मालक परत पाठवतो. तेव्हा उघड्या हातांनी, कोपरापर्यंत ओलं होत काम चालायचं.

ती खुर्ची आत्याने मालकाशी भांडून मिळवली होती. तिचं स्वतःचं पहिलं मूल याच शेडमध्ये, उभ्याउभ्या काम करताना गेलं होतं. पुढे मुकादमकी मिळाली तशी ती मालकापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोटुशी बाई यापुढे बसून काम करेल. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही उभे राहा तिच्या जागी." मालकाने खुर्ची दिली. तेव्हापासून टबाचं काम गरोदर बाईचं, हा शेडचा कायदाच झाला. आयुष्यात आपण एक तरी काम चोख केलं, असं आत्याला वाटायचं ते या खुर्चीमुळे.

तिची सून याच शेडमधली. आत्याच्या मुलाने फुलांची गाडी चालवता चालवता तिला पटवली, आणि ती घरात आली तरी सासूला आत्याच म्हणत राहिली. एक दिवस क्रेट उचलता उचलता ती पुटपुटली, "आत्या, माझी पण चुकलीय. अजून यांना सांगितलं नाही." आत्याचा चेहरा असा काही फुलला, की बायकांना विचारावंच लागलं नाही. तिने सुनेच्या हातातला क्रेट काढून घेतला आणि तिला तिथल्या तिथे खुर्चीत बसवलं. दुसऱ्या दिवशी घरून उशीही आणली. "सासू असावी तर अशी," बायका म्हणाल्या. सून लाजली, आणि जुड्या बुडवू लागली.

सून सातव्या महिन्यात असताना शिडी बाळ घेऊन माहेरहून परतली. शिडी म्हणजे शेडमधली सगळ्यात उंच बाई. सुनेच्या आधी खुर्ची तिच्याकडे होती, आणि ती बाळंतपणाला माहेरी गेली तशी रिकामी झाली होती. तिचा नवरा बाहेरगावी, म्हणून बाळाला तपासायला नेताना आत्या सोबत गेली. बाळ गुटगुटीत होतं, पण त्याच्या लघवीची जागा टोकाला नव्हती, बरीच खाली होती. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की असं होतं, वर्षभराने ऑपरेशन करू, घाबरू नका. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काम कुठे करता?"

"फुलांच्या शेडमध्ये," शिडी म्हणाली.

"औषधाशी संबंध येतो?"

शिडीने खुर्चीचं कौतुकच सांगितलं. पहिल्या महिन्यापासून आत्यांनी बसवून ठेवलं, एक दिवस उभं राहू दिलं नाही. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. त्यांनी आत्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता.

"एका बाळाबद्दल छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "औषधाशी कधी संबंध न आलेल्या बायकांच्या मुलांनाही असं होतं. पण यातली काही औषधं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबुड करतात. मुलाचे हे अवयव घडतात पहिल्या तीन महिन्यांत. त्या काळात तरी बाईला तिथे बसवू नका. खरं तर कधीच नको."

"आणि मुलगी असली तर?" आत्याने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"मुलींना काहीच होत नाही असं नाही. पण हा दोष मुलांमध्ये दिसतो."

घरी येताना शिडी बाळाशी बोलत होती आणि आत्या मनात उजळणी करत होती. शिडीच्या आधी कोण बसलं होतं? गोरी. तिच्या मुलाचं एका बाजूचं अंड खाली उतरलंच नव्हतं, त्याचंही ऑपरेशन झालं होतं. तेव्हा आत्या दवाखान्यात फळं घेऊन गेली होती आणि नशिबाला बोल लावून परत आली होती. त्याआधीच्या दोघींना मुलीच झाल्या. आणि सून? पाळी चुकली त्याच दिवशी बसवली होती. तीन महिने तर केव्हाच होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी आत्याने सुनेला खुर्चीतून उठवलं. "बसून बसून पाय सुजलेत तुझे," ती म्हणाली, "आता घरीच राहा." सून हसली, कारण पाय काही सुजले नव्हते. खरं सांगावं असं आत्याच्या मनात आलं, पण सून इतक्या आनंदात होती, की तिने सुनेची पिशवीच भरून हातात दिली. सांगून काय होणार? उरलेले महिने तीही झुरत बसेल.

रिकाम्या खुर्चीत त्याच आठवड्यात चिमणी येऊन बसली. नवीन लग्न झालेली, नवीनच दिवस गेलेले. आत्या तिला एवढंच म्हणाली, "मोजे घाल गं." चिमणीने मोजे घातले आणि आत्याची पाठ वळताच काढले. आत्याला ते दिसलं. पण चिमणीला उठवायचं तर कारण सांगायला हवं, आणि शेडमध्ये सांगितलेलं कारण संध्याकाळच्या आत सुनेच्या कानावर गेलं असतं. 'आपल्या घरचं एकदा पार पडू दे,' असं आत्याने मनाला बजावलं.

तेव्हापासून ती मुलीसाठी देवाच्या मागे लागली. घरात सगळ्यांना गंमत वाटायची. "जगातली पहिली सासू बघतोय मी, नातू नको म्हणणारी," मुलगा म्हणायचा. सून मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, की आमच्या आत्या फार पुढच्या विचाराच्या. आत्या कसंनुसं हसायची. कुणी "मुलगाच होणार बघा, चेहरा उतरलाय" म्हटलं, की ती तिथून उठून जायची. रात्री ती कूस बदलत राहायची आणि सकाळी उठल्याउठल्या सुनेचं पोट निरखायची, जणू बाहेरून काही दिसणार होतं. एकदा तर एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. "आता काय करता येईल?" तिने विचारलं. त्या म्हणाल्या, "आता वाट बघायची. बहुतेक मुलं व्यवस्थितच जन्मतात, हेही लक्षात ठेवा." 'बहुतेक' या शब्दाने तिचा जीव आणखीच टांगणीला लागला.

अखेर एका दुपारी नर्स बाळ घेऊन बाहेर आली. "आजी, मुलगा झाला!"

आत्याचा मुलगा टाळ्या वाजवत होता आणि आत्या भिंतीला टेकून उभी. मग ती पुढे झाली आणि काही न बोलता बाळाचं फडकं सोडू लागली.

"बघा, आजीचा माझ्यावर विश्वास नाही!" नर्स म्हणाली, तसे आजूबाजूचे खो खो हसले.

आत्याने नीट पाहिलं. नर्सकडून पुन्हा बघून घेतलं. "सगळं जिथल्या तिथे आहे हो आजी," नर्स म्हणाली, "डॉक्टरांनीही तपासलंय." तेवढ्यात बाळाने आजीच्या बाहीवर धार सोडली, अगदी सरळ, जिथून सुटायची तिथूनच. आत्या मटकन बाकावर बसली आणि हमसून हमसून रडली. ओली बाही तिने पुसलीसुद्धा नाही.

संध्याकाळी मुलगा औषधं आणायला गेला, तेव्हा खोलीत दोघीच होत्या. सुनेने विचारलं, "आत्या, तुम्ही फडकं सोडून काय बघत होतात?"

आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. सुटल्याच्या आनंदात आत्याने सगळं सांगून टाकलं. शिडीचं बाळ, गोरीचं बाळ, टब, औषध, पहिले तीन महिने. "किती महिने जीव मुठीत धरून काढले गं," ती डोळे पुसत म्हणाली, "पण सुटलो आपण. देवाने सोडवलं."

सुनेने बाळाला आणखी जवळ ओढलं.

"मला सांगितलं नाहीत."

"तू घाबरली असतीस."

"घाबरले असते." मग ती आत्याकडे वळली. "आत्या, माझ्यानंतर खुर्चीवर कोण बसलं?"

आत्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तिथेच थिजला. चिमणी बसली होती. आजही बसली असणार. तिसरा महिना संपत आला होता तिचा, आणि आपल्या घरचं पार पडायची वाट बघण्यात तो सगळा गेला होता.

"चिमणी," ती म्हणाली.

"तिला माहीत आहे?"

आत्याने नकारार्थी मान हलवली. सून तिच्याकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंच्या नजरेत राग नव्हता. या नजरेत होता.

"शेड सुटायला अजून अवकाश आहे," सून म्हणाली. "जा तुम्ही."

आत्या उठली, चपला पायात सरकवल्या आणि ओल्या बाहीनेच निघाली. चिमणीला काय सांगायचं याची जुळवाजुळव तिने जिन्यातच सुरू केली, आणि शेडच्या दारापर्यंत एकही वाक्य धड जुळलं नाही.