फाटकावरचा माझा मोठेपणा

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण छाती फुगवून केलेला हा एकच. अमेरिकेत, टेक्सासच्या शुगर लँडमधल्या आमच्या कॉलनीच्या स्विमिंग पूलच्या फाटकावर मी ऐटीत म्हटलं, "ती माझ्याबरोबर आहे."

ती म्हणजे शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबातली थोरली मुलगी. कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला आलेली. साठी उलटल्यावर मला पोहायची हौस आली होती आणि पाण्यात मी भिजलेल्या गादीसारखी तळाला जायचे. ती मला शिकवायची. फाटकावरचा माणूस रोज तिचं कार्ड मागायचा, माझं कधीच नाही. त्या दिवशी तर माझं कार्ड घरीच राहिलं होतं. अडवलं मात्र तिला, कार्ड हातात असून. मग मी तो पराक्रम केला आणि आठवडाभर मैत्रिणींना फोन करकरून ऐकवला. नातवंडं अजून माझी नक्कल करतात, कमरेवर हात ठेवून.

ती तेव्हा सरळ पाण्यात उतरली. मला पाय मारायला लावत राहिली. पुढे एकदा काठावर बसल्यावर म्हणाली (बोलते इंग्रजीत, 'काकू' तेवढं मराठी), "काकू, आईने लहानपणीच शिकवलंय. कार्ड हातात धर, पळू नको, उलट बोलू नको. मला त्याचं काही वाटायचं नाही. काल धाकट्या भावाला हेच सगळं सांगत होते, आणि मधेच माझा आवाज मला ऐकू आला."

त्यानंतर ती कॉलनीत दारोदार फिरली. कोणाकोणाला अडवतात ते विचारलं, असोसिएशनच्या मीटिंगमध्ये बोलायला वेळ मागून घेतला. तिची आई धास्तावली. "सुट्टीला आलीस ना, मग सुट्टी घे की," म्हणाली. पण मीटिंगला सगळ्यांच्या आधी आईच जाऊन बसली.

मीही बोलणार होते. इस्त्रीची साडी नेसून हॉलच्या दाराशी मी तिला माझं भाषण म्हणून दाखवलं: हिला मी लहानपणापासून ओळखते, अभ्यासात हुशार आहे, मोठ्यांचा मान ठेवते, स्वभावाने अगदी शांत. स्थळ सुचवावं तसं.

तिने सगळं ऐकून घेतलं. माझा पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाली,

"काकू, मी चांगली आहे हे नका सांगू. तुमचं कार्ड कोणी मागत नाही, तेवढं सांगा."