आबाजींचा सिमला आणि सरूकाकूंचा समुद्र

आबाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर वैशाखात, लोकरीची कानटोपी, गळ्यात मफलर आणि अंगावर घोंगडी अशा थाटात. मेडशीपासून दोन कोसांवरच्या खेड्यात माझी नुकतीच बदली झाली होती. शाळामास्तर मी आणि पोष्टमास्तरही मीच. बाहेर कावळे सावली शोधत होते आणि हा गृहस्थ घामाच्या धारा पुसत माझ्यापुढं उभा! हिवताप असेल म्हणून मी घाईघाईनं कोयनेलची पुडी काढली.

"ठेवा ते, मास्तर," ते म्हणाले, "मी सिमला करून राह्यलो."

रिसोडचे कापडवाले हुसेनभाई कामानिमित्त सिमल्याला निघाले होते आणि गरम कपडे किती न्यावेत हे त्यांनी आबाजींना विचारलं होतं. आबाजींचा हिशेब सरळ होता. "इथं जितका घाम, तितकी तिथं ऊब. घाम गुडघ्याले पोचला का समजाचं, पुरे." पुढं हुसेनभाई ठणठणीत परत आले. त्यामुळं या शास्त्राला आमच्याकडं कोणी हसत नसे. मी हसायचो, पण पाठमोरा होऊन.

स्वतः आबाजी अकोल्यापुढं कधी गेले नव्हते. तरी कोणत्या मुलखात कोणत्या महिन्यात जावं, हे विचारायला वाशीमपासून माणसं येत. "काशीले माघात जा, पण गोधड्या दोन. मद्रासले दिवाळीत जाऊ नका बापा, तिकडला पाऊस आपल्याहून उलटा हाये. पुसात जा, चैतासारखं वाटते." हे ज्ञान त्यांनी जोडकार्डांवर, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेल्या पोष्टकार्डांवर, मिळवलं होतं. दूरदूरच्या गावच्या स्टेशनमास्तरांना ते मराठीत एकच प्रश्न पाठवत: 'तुमच्याकडं आज लोक काय पांघरून झोपले?' जोडकार्डाच्या उत्तराच्या अर्ध्यावर पाच-दहातला एखादा सज्जन बंगालीत नाहीतर तमिळमध्ये काहीतरी लिहून पाठवायचाच. ते कोणालाच वाचता येत नसे. आबाजींचं त्यावाचून अडतही नसे. ते कार्ड गालाला लावत, हुंगत, डोळे मिटत आणि तिकडची हवा सांगत.

या सगळ्या खटाटोपामागं सरूकाकू होत्या. लग्नात उखाणा घेताना या बाईनं सगळ्या मांडवासमोर समुद्र मागितला होता आणि आबाजींनी तिथल्या तिथं कबूल केला होता. त्याला तीसेक वर्षं होत आली होती. समुद्राचा सरावही जोरात चाले. आंघोळीच्या पाण्यात मीठ पडे. काकू बाजेवर बसत, आबाजी बाजेचे पाय धरून ती गदागदा हलवत आणि विचारत, "मळमळते का?"

"मळमळत नाही," काकू म्हणत, "कटाळा येते."

अडचण हंगामाची होती. हिवाळ्यात कार्डं कशी कोरडी खडखडीत यायची, पण तेव्हा कापसाची वेचणी आणि ज्वारीची सोंगणी असे. शेतातून सुटका होई ती उन्हाळ्यात, मिरगाच्या पेरणीपर्यंत. आणि उन्हाळ्यात द्वारकेचं घ्या, पुरीचं घ्या, रत्नागिरीचं घ्या, प्रत्येक कार्ड ओलसर! "सारा किनारा भिजून राह्यला," आबाजी खिन्नपणे सांगत. माझ्या डोळ्यांदेखत असे तीन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी तर काकूंनी बांधलेली वळकटी मुकाट्यानं सोडली. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

चौथ्या वर्षी मुंबईहून उत्तर आलं तेव्हा आबाजी बांधावर होते. भर दुपारी काकूच ते न्यायला आल्या. डाकेची थैली मी, आधीच्या मास्तरांसारखीच, दाराशी एका खिळ्याला टांगत असे, कारण तिथं वाळ्याचा पडदा होता आणि त्यावर मी तासातासाला पाणी शिंपडत असे. गारव्याची जागा तेवढीच, नाहीतर थैलीवरची लाख उन्हानं वितळायची. काकूंनी कार्ड हातात घेतलं, दाबून पाहिलं. मग पडद्याला हात लावला. मग खिळ्याकडं पाहिलं. मी हातात तांब्या घेऊन उभाच होतो.

"मास्तर!" काकू ओरडल्या, "माहा समुद्र तुमी या खिळ्याले टांगून ठेवला!"

आणि अशा हसत सुटल्या की उंबऱ्यावरच बसल्या. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आबाजींना बोलावणं गेलं. ते आले, सगळं ऐकलं. पडद्याजवळ जाऊन त्यांनी गाल टेकला, खोल श्वास घेतला.

"हे तर रत्नागिरी हाये," ते म्हणाले, "पुरी बी इथंच हाये!" मग ते हसले, मी हसलो, बाहेर टेकलेला डाकवाला कारण न कळताच हसला. "मिरगाले किती दिवस उरले, मास्तर?"

"अकरा."

"जुंप रे दमणी!"

"अन् सराव?" काकूंनी विचारलं.

"तीस वर्सं काय करून राह्यलो मंग?"

दमणीचे बैल वाशीमच्या स्टेशनाकडं उधळले तेव्हा काकूंच्या हाताला वाटेच्या भाकरीचं पीठ तसंच होतं. पाचव्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. शाई पार धुऊन गेलेली, पेन्सिलीनं लिहिलेला पत्ता तेवढा शाबूत. खिळा मी त्याच दिवशी उपटला होता, तेव्हा दोष माझा नव्हता. गालाला लावलं तर कोरडं. शेवटी जीभ लावली. खारट! मास्तरांना खरं वाटावं म्हणून काकूंनी ते आपल्या हातानं समुद्रात बुडवून काढलं होतं. दोघं मिरगाच्या आदल्या दिवशी परतली, नाकं सोललेली, आवाज बसलेले. तोवर कार्डाचे तीन कोपरे गावानं चाटून संपवले होते.

आबाजी गेले त्यानंतर चार वर्षांनी, ऐन हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. मी शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाले, "समुद्र झाला, मास्तर. बर्फ राह्यला." एवढ्या जणांना सिमल्याला धाडणाऱ्या माणसाला स्वतःलाही जायचं होतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. त्याची रुखरुख अजून आहे.

त्यानंतरच्या वैशाखात, भर दुपारी, दारात कोणीतरी उभं राहिलं. लोकरीची कानटोपी, मफलर, घोंगडी, आणि घामाच्या धारा. माझा हात आपसूक कोयनेलच्या पुडीकडं गेला.

"भावाले संगं घेतो," काकू म्हणाल्या, "गाडीचं तेवढं पाहून द्या. सिमला करून राह्यली, मास्तर. घाम गुडघ्याले पोचला."