आक्काची न पोतारलेली भिंत

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी माळेगावात कारखान्यावर कामाला होतो. हिवतापानं गेली, एवढंच भाच्यानं सांगितलं. माझी थोरली बहीण, कळसला दिलेली, साठीच्या आतली, कधी अंथरूण न धरलेली... याला पाच आठवडे झाले. रडून झालं आहे. आता उरला आहे तो राग, आणि तो मी झाकणार नाही.

आक्काच्या गल्लीत सगळी मातीची घरं. नवरात्राआधी घर पोतारायचं, म्हणजे पांढऱ्या मातीनं भिंती सारवून काढायच्या, हा तिथला नेम. आणि डासांच्या औषधाचे पंप घेऊन फवारणीवाले दरवर्षी दोनदा येत, एकदा पावसाळा लागताना आणि एकदा नेमके या पोतारण्याच्या तोंडावर. डास भिंतीवर टेकतो आणि तिथल्या औषधानं मरतो. औषध दोन-अडीच महिने टिकतं म्हणतात. पण आठवड्यात त्याच्यावर मातीचा थर बसायचा. औषध भिंतीच्या पोटात, डास बाहेर मोकळा. हा हिशेब कुणालाही जमेल. आक्काला जमला. गेल्या वर्षी ग्रामसभेत ती उभी राहिली आणि आलेल्या अधिकाऱ्याला म्हणाली, "सायेब, घट बसल्यावर या की. सण बी हुईल आन् औषध बी ऱ्हाईल." साहेब हसले. "बाई, तारखा वरून येतात." वरच्या कचेरीत दिनदर्शिका टांगलेली नसते काय? घटस्थापना त्यात ठळक छापलेली असते.

मग आक्कानं त्या वर्षी भिंतींना हातच लावला नाही. औषधाच्या पांढरट ओघळांच्या त्या भिंतींतच तिनं घट बसवले. समोरची हौसा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आक्का, देवीला असल्या कळकट घरात बसवतीस व्हय?"

"देवीला डास चावत न्हाईत गं," आक्का म्हणाली. "माज्या नातवंडांस्नी चावत्यात. आन् ते समदे तुज्याच घरनं येत्यात."

हे सांगताना ती स्वतःच हसायची, पदरात तोंड लपवून.

यंदा पावसाळा लागतानाची फवारणी आलीच नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, इथले लोक सहकार्य करत नाहीत, भिंती सारवून टाकतात. एका बाईनं गल्लीची बोलणी खाऊन केलं होतं ना सहकार्य? श्रावणात तिला थंडी वाजून ताप आला. आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, तपासणी झाल्यावर बघू म्हणाले. तिची शुद्ध हरपली तेव्हा बारामतीला हलवलं, पण फार उशीर झाला होता. तपासणीचा निकाल दहावा उरकल्यावर घरी आला.

त्या दहाव्याला भावकीतले तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "भिंती न पोतारता घट बसवलं. खपलं न्हाय देवीला."

मी उठून उभा राहिलो. "तात्या, रस्त्याकडंची ती पाणी साचलेली चारी देवीनं खणली व्हय? आन् पंप बी देवीनंच अडवून धरलं?"

"तू कारखान्यातला माणूस. तुला काय कळतंय देवाधर्माचं," तात्या म्हणाले. मरेपर्यंत गल्ली तिला आळशी म्हणाली आणि मेल्यावर भावकी पापी. ती यांतलं काहीही नव्हती.

परवा कळसला गेलो तर गल्लीत पंप चालू होते. माणूस दगावल्याची नोंद झाली, तेव्हा कुठं यांना रस्ता सापडला. आणि घट आठ दिवसांवर आलेले...

आतल्या खोलीत दारामागं आक्का भिंतीला पाठ टेकून बसायची, शेंगा फोडत नाहीतर नातवंडांना दटावत. तिथले गेल्या वर्षीचे ओघळ तिच्या पाठीनं घासून गेले होते. पाठीएवढी माती उघडी पडली होती. ती खूण कुणाची, हे फवारणीवाल्यानं ओळखलं असावं. पंप थांबवून त्यानं विचारलं, "ताई, हितली जागा सोडू का?"

आक्काची सून सुमन माझ्याकडं बघायला लागली.

"सोडू नगा," सुमन म्हणाली. "आत्याबाईंनी बी सोडू दिली नसती."

त्यानं वरपासून खालपर्यंत फवारा मारला. पाठीची ती जागा ओली झाली आणि बाकीच्या भिंतीत मिसळून गेली. भिंत वाळेपर्यंत आम्ही दोघं अंगणात थांबलो. समोर हौसाच्या दारात घमेल्यात पांढरी माती भिजत घातलेली होती.