संत्र्यांखालचा थर्मास

मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडी लागली तरी आई थैला हातातून सोडेचना. वर आमच्या बगिच्यातली संत्री, खाली टॉवेलात गुंडाळलेला थंडा थर्मास, अन् त्यात माझं इन्सुलिन. "कोणी विचारलं तं संत्री आहेत म्हण. बाकी कोणाले काही सांगू नको," एवढंच ती म्हणत राहिली. बाराव्या वर्षापासून मला शुगर आहे. पोरीची बीमारी गावभर झाली तं सोयरीक येत नाही, म्हणून सौंसरच्या सख्ख्या मावशीलाही आम्ही कळू दिलं नव्हतं. सोयरीक तरीही जुळली नाही, ती गोष्ट वेगळी!

तुम्ही तिकडेच राहिलेले अन् माझ्यासारखे निघून आलेले, तुम्हाला सांगते, पुण्यात आधी बदलते ती जीभ. मी 'मला', 'तुला' शिकले. घाबरले की मात्र 'मले'च निघतं. लपवायची सवय काही गेली नाही. नऊ वर्षं ऑफिसच्या बाथरूममध्ये सुई टोचून घेतली. विमा ऑफिसच काढून द्यायचं, त्यामुळे कोणाशी बोलायची वेळच आली नाही.

यंदा ती नोकरी गेली अन् सोबत विमाही. आता स्वतःच काढायचा होता. दोन प्लॅन समोर ठेवून आठवडाभर बसले. एक स्वस्त, पण शुगर आहे लिहिलं तर त्यासाठी तीन वर्षं काही देणार नाही. दुसरा शुगरवाल्यांसाठीच, पहिल्या दिवसापासून, पण हप्ता ऐकूनच चक्कर यावी. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "स्वस्तवाला घे अन् बीमारीच्या जागी 'नाही' लिहून दे. कोण पाहून राहिलं?"

कोणीच पाहून नाही राहिलं बाबा, तेच तं रडणं आहे.

तरी लिहिलं मी 'नाही'. फॉर्म पाठवायच्या आधी चहा ठेवायला उठले, अन् ओट्यापाशीच घाम फुटला, तशीच खाली बसले. शुगर उतरली होती. घरी असं झालं की आई मुकाट्याने गुळाचा खडा तोंडात घालायची. इथे फरशीवरून सरकत साखरेच्या डब्यापर्यंत गेले. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचा टीव्ही चालू होता. हाक मारावी तर काय सांगून मारावी? बाप्पा, इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

सावरल्यावर 'नाही' खोडलं, महागाचा प्लॅन घेतला अन् त्याच्या फॉर्मवर 'हो' लिहिलं. उद्या दवाखान्यात पडले असते तर त्या खोट्यापायी सगळंच बुडालं असतं. फॉर्मच्या शेवटी विचारलं होतं, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं? बाबांचा नंबर टाकला. पांढुर्ण्याहून त्यांना यायला रात्रभर लागेल.

आईला सांगितलं. वाटलं, चिडेल. पण ती म्हणाली, "विमेवाल्याले सांगितलं, बरं केलं. शेजारणीले सांगितलं का?"

"तूच तं नको म्हणायची."

"माह्यं चुकलं वं बाई," आई म्हणाली.

परवा घरून संत्र्यांची पेटी आली. पूर्वी घर म्हणजे मला तो बगीचा वाटायचा. आता वाटतं, मला घाम फुटला तर काय द्यायचं हे जिथे कोणाला तरी माहीत आहे, ते घर. सहा संत्री पदरात घेतली अन् शेजारचं दार वाजवलं.

"काकू, ही आमच्या पांढुर्ण्याची संत्री," मी म्हटलं. "अन् मले शुगर आहे."